कुलूप आपलं, वह्या आपल्या, आणि चोरही आपणच?

‘डीकंपाइल’ हा शब्द चारचौघांत उच्चारला की आपल्याकडे लोकांचे चेहरे असे होतात, जणू आपण शेजाऱ्याच्या माडावरून शहाळी उतरवायची भाषा करतोय. संगणकातलं थोडंफार कळणारा माणूस तर जास्तच सोवळा होतो. ‘अहो, ते बेकायदेशीर असतं.’ ‘लायसन्समध्ये मनाई असते.’ ‘दुसऱ्याची मेहनत आहे ती.’ गेली दोनेक वर्षं ही तीन वाक्यं मी इतक्या जणांकडून इतक्या वेळा ऐकली आहेत की आता एकदा बसून सविस्तर भांडावं म्हणतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसे मोजून, पावती घेऊन आणलेला प्रोग्राम उघडून त्यात काय लिहिलंय ते वाचणं ही चोरी नव्हे. आणि आपल्या मराठी संस्थांचं वीस-पंचवीस वर्षांचं दप्तर ज्या डब्यांत अडकून पडलंय ते पाहता, काही वेळा तो डबा न उघडणं हाच गुन्हा ठरेल.

आधी ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ साली जावा ही भाषा बाजारात आणली. प्रोग्रामर माणसाला वाचता येईल असा मजकूर लिहितो, तो सोर्स कोड. कंपायलर त्याचा बाइटकोड बनवतो. हा बाइटकोड कुठल्याही खऱ्याखुऱ्या चिपची भाषा नसते. ती एका कल्पनेतल्या यंत्राची भाषा असते, आणि ते यंत्र म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन विंडोजवर, लिनक्सवर, मॅकवर, कुठेही उभं करता येतं. प्रत्येक हुकुमाचा संकेत एका बाइटाचा. दोन आकड्यांची बेरीज करायची तर पहिला आकडा रचून ठेव, दुसरा त्याच्यावर ठेव, वरचे दोन उचलून मिळव, उत्तर परत दे, असे चार हुकूम, एकूण चार बाइट. बस्स. गंमत म्हणजे प्रत्येक जावा क्लास फायलीचे पहिले चार बाइट सोळाच्या पाढ्यात लिहिले तर ‘कॅफेबेब’ अशी इंग्रजी अक्षरं उमटतात. मोठमोठ्या बँकांचे प्रोग्रामसुद्धा या चावट नावानेच सुरू होतात!

आता हा बाइटकोड उलटा फिरवून पुन्हा सोर्स कोड करणं म्हणजे डीकंपाइल करणं. सी भाषेतून बनलेल्या यंत्रसंकेताच्या मानाने जावाच्या बाबतीत हे पुष्कळ सोपं जातं, आणि त्याला कारण आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक तपासनीस बसलेला असतो. बाहेरून आलेला कोड चालवण्याआधी तो पडताळतो की रचलेल्या थप्पीवर आकडा असायला हवा तिथे आकडाच आहे ना, अमुक वस्तूवर तमुक क्रिया लागू होते ना. त्याला हे कळावं म्हणून क्लास फायलीत क्लासांची नावं, त्यातल्या क्रियांची नावं, कोणत्या क्रियेला कशा प्रकारच्या किती वस्तू द्यायच्या, हे सगळं स्पष्ट लिहून ठेवावं लागतं. प्रोग्राममधली अवतरणचिन्हांतली वाक्यंही जशीच्या तशी फायलीत असतात. म्हणजे जो मोकळेपणा जावाला ‘कुठेही चालणारी’ आणि ‘सुरक्षित’ बनवतो, तोच तिला वाचनीयही बनवतो. एक हवं आणि दुसरं नको, असं करता येत नाही.

जातं काय? टिपा जातात, सगळ्याच्या सगळ्या. प्रोग्रामरने शेजारी लिहून ठेवलेलं ‘इथे हात लावू नका, का ते विचारू नका’ वगैरे कायमचं पुसलं जातं. क्रियेच्या पोटातल्या तात्पुरत्या चलांची नावं, कंपायलरला मुद्दाम सांगितलं नसेल तर, जातात. त्यांच्या जागी व्हार-१, व्हार-२ असले अनामिक उरतात. ‘फॉर’ आणि ‘व्हाइल’ हा फरक जातो, कारण खाली दोन्हीकडे नुसत्या उड्याच असतात: अट खरी असेल तर इकडे जा, नाहीतर तिकडे. त्या उड्यांवरून मूळची वीण परत ओळखणं हेच डीकंपायलरचं कसब.

हे कसब पहिल्यांदा जगासमोर आलं १९९६ साली. हानपीटर व्हान व्हलीट नावाच्या डच प्रोग्रामरने ‘मोका’ हा जावाचा डीकंपायलर खुला केला आणि एकच हलकल्लोळ माजला. आमची गुपितं फुटली, धंदा बुडाला, याला आवरा! त्याने तो काही काळ मागे घेतला, मग पुन्हा ठेवला. याच माणसाने ‘क्रेमा’ नावाचा दुसरा प्रोग्रामही लिहिला होता, जो बाइटकोडमधली नावं विस्कटून डीकंपायलरला वाट चुकवतो. कुलूपही त्याचंच, किल्लीही त्याचीच. त्याच वर्षाच्या शेवटी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. धंदा काही बुडाला नाही. जावा पुढे किती पसरली ते सांगायला नको. मोकानंतर जॅड आला, मग प्रोसियॉन, सीएफआर, फर्नफ्लॉवर आले. यातला फर्नफ्लॉवर २०१४ पासून इंटेलिजे आयडिया या नावाजलेल्या साधनात अंगचाच बसवलेला आहे. म्हणजे पुण्या-बंगळुरातले हजारो प्रोग्रामर दुसऱ्याच्या लायब्ररीत काय चाललंय हे बघायला दिवसातून दहा वेळा क्लास फाइल उघडतात आणि समोर उमटलेला डीकंपाइल झालेला कोड वाचतात. त्यांना कोणी चोर म्हणत नाही. गोव्यातल्या एखाद्या वाचनालयाने तेच केलं की मात्र सगळ्यांना नीतिमत्ता आठवते.

तर आता त्या वाचनालयाकडे येतो. नाव सांगत नाही, गावही नाही. कार्यकारिणीतले लोक माझ्या ओळखीचे आहेत आणि मला त्यांच्याशी अजून बोलायचंय. २००३-०४ च्या सुमारास त्यांनी एका स्थानिक माणसाकडून जावामध्ये कॅटलॉगचा प्रोग्राम करून घेतला. दहा-अकरा हजार पुस्तकं, सभासद, अनामत रकमा, कोणतं पुस्तक कोणी किती वेळा नेलं, सगळं त्यात. तेव्हा काम चोख झालं होतं, हे कबूल करायला हवं. पुढे त्या गृहस्थांनी धंदा बदलला. दोन वर्षांमागे ते जुनं मशीन शेवटचे आचके द्यायला लागलं तेव्हा त्यांना विचारलं. सोर्स कुठे आहे ते त्यांनाच माहीत नव्हतं. ‘नवं सॉफ्टवेअर घ्या, एंट्री पुन्हा करा,’ हा सल्ला मात्र लगेच मिळाला.

पुन्हा एंट्री! दहा हजार पुस्तकांची! आणि कोणी करायची? ग्रंथपाल बाई एकट्या, मदतीला एक शिपाई.

फाइल समोर होती, पण वाचता येत नव्हती. कारण त्या काळातल्या बहुतेक मराठी कामाप्रमाणे इथलाही मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० मध्ये ती नीट दिसूही लागली होती, पण आपल्या संस्था आणि छापखाने त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्या फॉन्टांवरच बसून राहिले. त्या फॉन्टांत ‘क’च्या जागी प्रत्यक्षात एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्यावर ‘क’चं चित्र चढवतो. फॉन्ट काढला की खाली उरते ती रोमी गिचमिड. (फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमी लिपीत छापलं गेलं ते निदान वाचता तरी येत होतं! चारशे वर्षांनी आपण मराठीला पुन्हा रोमीत नेलं, तेही कोणाला वाचता येऊ नये अशा.) त्यातून या साठवणीचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा, जिभेला येतो तसा नव्हे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. रफार उलट, अक्षराच्या मागून. त्यामुळे अक्षरामागे अक्षर बदलून भागत नाही, जागाही बदलाव्या लागतात. आणि कोणता संकेत म्हणजे कोणतं अक्षर, हे प्रत्येक फॉन्टवाल्याचं वेगळं.

पण ही उत्तरपत्रिका त्या प्रोग्रामच्या पोटातच होती. कशी? पुस्तकांची यादी अकारविल्हे लावायची तर प्रोग्रामला कोणता संकेत ‘क’ आणि कोणता ‘ख’ हे कळायलाच हवं. म्हणजे कुठेतरी तक्ता असणार. होता. सीएफआरने ते क्लास उघडले. बाइटकोडमध्ये असा तक्ता तक्त्यासारखा नसतोच. ‘थप्पीवरची वस्तू दुहेरी कर, क्रमांक ठेव, किंमत ठेव, खणात टाक’ हे चार हुकूम शेकडो वेळा, पानंच्या पानं. डीकंपायलर त्यावरून ओळखतो की ही मूळची एक सलग यादी आहे, आणि ती एका कंसात मांडून समोर ठेवतो. एका दुपारी वेलांट्या-रफारांसकट अख्खी बाराखडी हाती आली. त्याबरोबर कोणत्या खणात किती बाइट, तारीख कशी साठवली, अनामत कुठे, हेही.

सगळं कळलं असं नाही. एका ठिकाणी नुसतं ‘व्हार-३ बरोबर ७ असेल तर’ असं होतं. सात म्हणजे काय? लिहिणाऱ्याने तिथे ७ असा उघडा आकडाच टाकला होता की एखादं नाव, हे त्या ओळीवरून कळू शकत नाही, कारण कंपायलर स्थिरांकाच्या नावाऐवजी आकडाच भरून मोकळा होतो. शेवटी ग्रंथपाल बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, सात म्हणजे नाटकं! ती आठ दिवसांतच परत आणायची असतात, जत्रांच्या दिवसांत मागणी असते ना.’ हे ज्ञान कुठल्याच क्लास फायलीत नव्हतं. मी मुद्दाम सांगतोय, कारण हल्ली भाषेची एआय मॉडेलं डीकंपाइल झालेल्या कोडमधल्या व्हार-१, व्हार-२ ना छान छान नावं सुचवतात आणि लोक खूश होतात. सुचवतात हे खरं, उपयोगही होतो. पण ती नावं अंदाज आहेत, मूळची नव्हेत. त्या सातला एखाद्या मॉडेलने ‘संदर्भग्रंथ’ असं भारदस्त नाव दिलं असतं तर आम्ही मान डोलावून पुढे गेलो असतो.

मग मी त्या माहितीवरून स्वतंत्र, स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहिला, त्याने फाइल वाचून सगळा मजकूर युनिकोडमध्ये काढला. आणि कार्यकारिणीच्या बैठकीत एक सुविद्य सदस्य उभे राहिले: ‘हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का? उद्या संस्थेवर केस झाली तर?’ झालं! तेव्हापासून ती सगळी माहिती एका पेन ड्राइव्हमध्ये ‘निर्णय होईपर्यंत’ कपाटात आहे. निर्णय अजून व्हायचाय.

म्हणून आता कायद्याचं बोलू. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा १९९९ साली दुरुस्त झाला आणि ती दुरुस्ती जानेवारी २००० पासून लागू झाली. कलम ५२(१) मध्ये तेव्हा ‘कख’ म्हणावं असं एक उपकलम आलं (इंग्रजी प्रतीत एबी). त्याचा आशय असा: प्रोग्राम ज्याच्याकडे रीतसर आहे त्याने, स्वतंत्रपणे बनवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामचा त्याच्याशी मेळ बसवण्यासाठी लागणारी माहिती मिळवायला जे करणं भाग आहे ते केलं, तर तो हक्कभंग नाही, अट एवढीच की ती माहिती इतरत्र सहज मिळणारी नसावी. वाचनालयाकडे पावती आहे. दुसरा प्रोग्राम स्वतंत्र लिहिलेला आहे. माहिती इतरत्र मिळत नाही, खुद्द कर्त्याकडेही नाही. आणखी काय हवं? पुढचंच उपकलम प्रोग्राम वापरताना त्याचं निरीक्षण आणि अभ्यास करून त्यामागची तत्त्वं शोधायला मोकळीक देतं. हा कायदा पंचवीस वर्षं पुस्तकात आहे, आणि आपले सुविद्य सदस्य अजून ‘केस झाली तर’वरच.

युरोपने हे आपल्याआधी, १९९१ च्या निर्देशातच लिहून ठेवलं, आणि वर असंही लिहिलं की मेळ बसवण्यासाठीच्या डीकंपाइलला मनाई करणारं करारातलं कलम निरर्थक समजावं. २०२१ साली युरोपीय न्यायालयासमोर बेल्जियमचं प्रकरण आलं. तिथल्या सरकारी नोकरभरतीच्या कार्यालयाने एका कंपनीच्या प्रोग्राममधलं बिघडलेलं अंग बंद करण्यासाठी त्याचा काही भाग डीकंपाइल केला होता. कंपनी कोर्टात गेली. न्यायालय म्हणालं, रीतसर विकत घेणाऱ्याला चुका दुरुस्त करण्यासाठी, गरजेपुरतं आणि करारातल्या अटींना धरून, तसं करता येतं. अमेरिकेत १९९२ सालीच सेगा कंपनी ॲकोलेडविरुद्ध याच मुद्द्यावर हरली. हां, तिथे २००३ साली एका निकालात उलटतपासणीला मनाई करणारा करार मात्र ग्राह्य धरला गेला, तेव्हा करारावर सही करताना डोळे उघडे हवेत हे खरंच. आपल्या कायद्यात युरोपसारखं ‘असं कलम निरर्थक’ हे वाक्य नाही. वकिलांना भांडायला तेवढी जागा आहे. पण आमच्या वाचनालयाच्या बाबतीत तीही नाही, कारण करारच नाही! एक पावती आणि ‘काम समाधानकारक’ असा शेरा, एवढंच दप्तर.

दुसऱ्या बाजूचं खरं आहे तेवढं मान्य करायला मला अडचण नाही. ओरॅकल आणि गूगलचा तो २०१० ते २०२१ असा चाललेला प्रचंड खटला आठवतो? शेवटी सर्वोच्च न्यायालयात गूगल जिंकली ती जावाच्या एपीआयच्या मुद्द्यावर. पण त्याच खटल्यात आठ फायली अशा निघाल्या की ज्या जावाच्या मूळ क्लास फायली डीकंपाइल करून सरळ अँड्रॉइडमध्ये टाकल्या होत्या, आणि त्याबाबत गूगल दोषी ठरली. बरोबरच ठरली. वाचणं वेगळं, आणि दुसऱ्याचं पान फाडून आपल्या वहीत चिकटवणं वेगळं. कोणाचं ॲप उघडून, त्यातलं नाव काढून, आपलं लावून विकणारे महाभाग आपल्याकडेही आहेत. त्यांना चोरच म्हणा, मी टाळ्या वाजवीन. पण त्यांच्यामुळे वाचणाऱ्याला चोर ठरवायचं असेल तर आधी पंडित भातखंड्यांपासून सुरुवात करा.

का नाही? घराण्यांनी जिवापाड झाकून ठेवलेल्या बंदिशी ऐकून, मिळवून, त्यांनी स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत, मराठीत, छापून टाकल्या. बंदिशीतून स्वरांचा सांगाडा बाहेर काढणं हे डीकंपाइलच की! त्यातही मींड गेली, आस गेली, उस्तादाच्या गळ्यातलं ते ‘का ते विचारू नका’ गेलं. घराणेदार मंडळींनी तेव्हा याच कारणासाठी नाकं मुरडली होती. पुस्तकातून गाणं येत नाही हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण आज त्यातल्या कितीतरी चिजा आपल्यापर्यंत आल्यात त्या त्या सांगाड्यामुळे. स्वतः वकिली केलेला माणूस होता तो, हे आमच्या कार्यकारिणीने लक्षात घ्यावं!

नावं विस्कटणाऱ्या साधनांबद्दलही दोन शब्द. प्रोगार्डसारखी साधनं नावांच्या जागी ए, बी, सी लावतात. मोबाइलच्या ॲपचा आकार त्याने कमी होतो, ते समजण्यासारखं आहे. पण सार्वजनिक पैशाने, देणग्यांनी, संस्थेसाठी बनवून घेतलेल्या प्रोग्रामवर ही कारागिरी कशाला? तिथे लपवायचं काय असतं? लपवायचं एवढंच असतं की पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याकडेच आलं पाहिजे. आणि आपण जातो. शाळा, पतसंस्था, देवस्थानं, सगळी जातात. जमिनीच्या बाबतीत साडेतीन पिढ्या भाटकाराशी भांडलेला आपला समाज सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र कुळ व्हायला एका पायावर तयार.

केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी प्रोग्रामांचा सोर्स खुला करण्याचं धोरण कागदावर तरी आणलं. आपल्या संस्थांनी तेवढंही केलेलं नाही. पुढच्या वेळी काम देताना एवढंच लिहून घ्या: सोर्सची प्रत संस्थेच्या कपाटात, माहिती युनिकोडमध्ये, आणि ती साध्या मजकुराच्या फायलीत बाहेर काढण्याचं बटण. देणारा कुरकुरला तर दुसरा बघा.

आणि ज्यांची चूक होऊन चुकलीय, ज्यांच्याकडे असलं एखादं मशीन कापड टाकून कोपऱ्यात ठेवलंय, त्यांनी कृपा करून ते भंगारवाल्याला देऊ नका. हार्ड डिस्क काढून घ्या. नुसत्या माहितीच्या फायली ठेवून प्रोग्राम पुसून टाकू नका. तक्ता त्या प्रोग्राममध्येच असतो. जुना फॉन्टही जपा, उतरवलेला मजकूर त्याच्याशी ताडून पाहायला लागतो. जार किंवा क्लास असं शेपूट असलेली प्रत्येक फाइल दोन ठिकाणी उतरवा, आणि पावती सापडली तर तिचा फोटो काढून बरोबर ठेवा.